पहिल्या खणातलं पाणी

हणमंत गुरवांचं पत्र आलं तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. १९७९चा मे महिना. शिपायाने निळं आंतर्देशीय पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आठल्ये सर, तुमच्या जुन्या गावचा शिक्का आहे." मी पत्र फोडलं, वाचलं, होतं तसं दुमडलं आणि न तपासलेल्या गठ्ठ्याखाली ठेवलं. गठ्ठा चार दिवसांत संपला. पत्राचं उत्तर राहिलं.

पत्रात फार काही मागितलेलं नव्हतं. कॉलेजला नवे प्राचार्य आले आहेत, प्रयोगशाळेतली गुरवांची जागा अजून भरलेली नाही, त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी कुणी दोन ओळी लिहून दिल्या तर प्राचार्य त्यांना परत घेण्याचा विचार करतील. 'कपाट कुणी लावलं होतं, एवढंच लिहावं. पंधरा जूनच्या आत मिळालं तर बरं.' शेवटी एका ओळीचा ताजा कलम होता. त्याच्याकडे नंतर येतो. मला एकेका गोष्टीकडे यायला वेळ लागतो.

कपाट रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला होतं. सागवानी, भिंतभर. त्याला उभे नऊ खण होते आणि प्रत्येक खणात सात फळ्या. शेजारी मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला होता, त्या काळचा, आखूड पद्धतीचा. त्यातही उभे नऊ गण होते आणि आडवी सात आवर्तनं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा योगायोग माझ्या लक्षात आला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला असता तर त्याने तो सोडून दिला असता.

१९७७च्या डिसेंबरात विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती. विभागप्रमुख शस्त्रक्रियेसाठी मुंबईला गेलेले. विभागात उरलो मी, वय सत्तावीस, नोकरी कच्ची, आणि गुरवमामा.

मामा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे असतील. कॉलेज निघाल्या दिवसापासून, म्हणजे तेरा वर्षं, प्रयोगशाळेत परिचर. शाळा सातवीपर्यंत. घराण्याकडे गावच्या देवळाची पूजा. ती धाकटा भाऊ बघे, पण यात्रेला मानपानाची सगळी मांडामांड मामाच करत. त्यांना परिचराचे प्रयोगशाळा सहायक करण्याचा ठराव झाला होता. समिती येऊन गेली की प्राचार्य सही करणार होते. मामांनी त्यासाठी पांढरा कोट शिवून आणून ठेवला होता, पण सही होईपर्यंत ते तो घालत नव्हते. खुंटीला असे.

त्यांनी कपाट त्यांच्या पद्धतीने लावलं होतं. पातळ खाली, कोरडं वर. तापट एकीकडे, एकमेकांशी पटत नाही ते लांब लांब, ज्यांना हवा सोसत नाही ते काचेच्या दारामागे. सांगाल ती बाटली ते न बघता काढून देत.

"मामा, याला शास्त्र नाही," मी म्हणालो.

"बाटली घावतीया नव्हं, सर?"

"सापडते. पण का सापडते ते सांगता येत नाही."

मामांनी यावर विचार केला. "समितीला बाटली पायजे का कारण?"

"कारण."

"मग लावा तुमच्या पद्धतीनं."

मी त्यांना तक्त्यासमोर उभं केलं. माझं ऐकून घेणारा माणूस मला तेव्हा क्वचित मिळे. वर्गात मी बहुतेक वेळ फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. मामांना मात्र मी सगळं सांगितलं. मूलद्रव्यं अणुक्रमांकाने ओळीत मांडत गेलं की ठरावीक अंतराने तोच स्वभाव परत येतो. परत आला की नवी ओळ सुरू करायची, म्हणजे सारख्या स्वभावाची एकाखाली एक येतात.

"म्हंजे आडवं वडीलकीनं आन् उभं भावकीनं," मामा म्हणाले.

हे वाक्य मी पुढे तीस वर्षं वर्गात वापरलं. मुलांना ते आवडे. कुणाचं आहे ते मी कधी सांगितलं नाही.

मग रिकाम्या जागांचं सांगितलं. ज्या रशियन प्राध्यापकाने हा तक्ता रचला त्याच्या वेळी काही मूलद्रव्यं सापडलीच नव्हती. त्याने त्यांच्या चौकटी मोकळ्या ठेवल्या. पुढच्याला मागे सरकवलं नाही.

"आमच्या यात्रंला तसंच की," मामा म्हणाले. "मानकरी पंचवीस घरं. कोण मुंबईला, कोण मिलिटरीत. आला न्हाई तरी त्येच्या नावाचा इडा पाटावर मांडायचा. पुढच्यानं सरकून बसायचं न्हाई."

"किती वर्षं मांडायचा?"

"यील तवर."

मग ते तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याशी गेले आणि हायड्रोजनवर बोट ठेवलं. "ह्यो हितं कसा? खालचं समदं धातू. ह्यो तर वारा."

"त्याच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो."

"ते आतलं झालं. वागनूक?"

"वागणूक कधी या खणासारखी, कधी सातव्या खणासारखी."

"मग त्येला येगळा पाट द्या. आमच्यात पाटलाच्या घरजावयाला देत्यात. भावकीत धरत न्हाईत, भायेरचा बी म्हनत न्हाईत."

"मामा, तक्त्यात पाट नसतो."

"मग अवघड हाय त्येचं," मामा म्हणाले आणि बाटल्या पुसायला लागले.

तीन रविवार आम्ही बाटल्या हलवत होतो. सोडियमची सगळी कुळं पहिल्या खणात, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची दुसऱ्यात, असं करत करत शेवटपर्यंत. आम्लं मी ज्याच्या त्याच्या अधातूकडे दिली. शेवटचा खण निष्क्रिय वायूंचा. त्यातला एकही कॉलेजकडे नव्हता. तिथे मामांनी चहाचे कप ठेवले. समितीच्या दिवशी काढतो म्हणाले.

सगळं लागलं आणि मी दारात उभं राहून पाहिलं. पहिल्या खणाची सगळ्यात वरची फळी रिकामी होती. हायड्रोजनची. दार डावीकडे होतं, म्हणजे समितीच्या डोळ्यांत पहिली भरणार ती रिकामी फळी. हायड्रोजनच्या नावाने ठेवण्यासारखं आमच्याकडे एकच होतं: ऊर्ध्वपातित पाणी. दहा लिटरची काचेची बाटली, बुडाशी रबरी नळी, नळीला चिमटा.

"सर," स्टुलावर चढलेल्या मला मामा खालून म्हणाले, "पान्याखाली सोडियम यील."

"सोडियम रॉकेलात बुडालेलं आहे. झाकण घट्ट आहे."

"झाकान घट्ट हाय तवर घट्ट हाय."

"वरची चौकट रिकामी दिसते, मामा."

"दिसू द्या. रिकाम्या चौकटी असत्यात म्हनला की मघा."

"त्या न सापडलेल्यांसाठी. हायड्रोजन सापडलेला आहे."

"त्यो शेवटचा अख्खा खन मोकळा हाय, त्येचं काय?"

"तो शेवटी आहे. समिती डावीकडून येणार."

मामांनी बाटली वर दिली. देताना त्यांनी एवढंच म्हटलं, "पातळ खाली असतंय, सर." मी ती हायड्रोजनच्या जागी ठेवली. चौकट भरली. मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

समितीत तिघे होते. अध्यक्ष मूळचे वनस्पतिशास्त्राचे. दारातून आत आले आणि थबकले. "वा! तक्ताच उभा केलाय की भिंतीला. कुणाची कल्पना?"

प्राचार्य जगदाळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "विभागाची." त्या वेळी मला वाटलं होतं ही नम्रता आहे.

अध्यक्षांना सोडियम बघायचं होतं. विद्यार्थी असताना पाहिलेलं, म्हणाले. मी बरणी उतरवली, झाकण काढून दाखवली. रॉकेल उडून कमी झालं होतं, एका तुकड्याचं टोक वर आलं होतं. मामा मागून हळूच म्हणाले, "सर, रॉकेल घालू?" मी हाताने 'थांबा' केलं. पाहुण्यांसमोर मला घाई होते. बरणी परत ठेवताना मी झाकण फिरवलं की नुसतं वर ठेवलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. नुसतं ठेवलं असावं. कोपर वरून लोंबणाऱ्या पाण्याच्या नळीच्या चिमट्याला लागलं, हे मात्र नक्की. मला ते तेव्हाच जाणवलं होतं. मागे वळून पाहणं बरं दिसलं नसतं.

आम्ही तिसऱ्या खणापाशी अ‍ॅल्युमिनियमबद्दल बोलत असताना पहिल्या खणातून फुसफुस ऐकू आली. मग पिवळी ज्योत दिसली. मग बरणी फुटली. समितीने पहिल्या गणाचे गुणधर्म प्रत्यक्ष पाहिले.

चहाच्या टेबलावरचा पाण्याचा जग घेऊन प्राचार्य स्वतः धावले. मामांनी त्यांना आडवा हात घातला. "पानी न्हाई! सायेब, पानी नगा वतू!" एका हाताने त्यांनी वरची नळी मुठीत आवळून धरली, दुसऱ्या हाताने वाळूची बादली ओतली. दोन मिनिटांत विझलं. निखाऱ्यासारखं काहीतरी उडून त्यांच्या मनगटावर पडलं होतं, पण नळी त्यांनी सोडली नाही. मी तिसऱ्या खणापाशीच होतो.

समिती चहा न घेता गेली.

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही दोघे उभे. मामांच्या हाताला पिवळं मलम आणि पट्टी.

"कपाट कुणाच्या ताब्यात?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या, सायेब."

"किल्ली?"

"माझ्याकडं."

"सोडियमच्या डोक्यावर पाणी ठेवायचं नाही, एवढं तेरा वर्षांत तुम्हाला कळलं नाही, गुरव?"

"कळलं व्हतं, सायेब."

"मग?"

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता. प्रयोग चालू असताना 'आता कुठली बाटली देऊ?' असं विचारायला बघत, तसं पाहिलं. मग खाली बघितलं.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "आठल्ये, तुम्हाला काही सांगायचंय?"

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी नंतर काही वर्षं स्वतःला समजावत असे. पण मला विचारलं होतं. साध्या मराठीत, समोर बसून विचारलं होतं.

"सर," मी म्हणालो, "हायड्रोजनच्या स्थानाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत."

"तुम्ही घाबरलेले दिसता," प्राचार्य म्हणाले. "घरी जा. पाणी प्या."

मामांचा ठराव रद्द झाला. प्रयोगशाळेतून त्यांना काढून वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर नेमलं. सकाळ-संध्याकाळ टाकी भरायची, व्हॉल्व्ह सोडायचा. पांढरा कोट पुष्कळ दिवस खुंटीलाच होता. टाकी कॉलेजच्या पुढच्या फाटकाशी होती. मी मागच्या फाटकाने जाऊ लागलो. मार्चमध्ये माझी नोकरी पक्की झाली आणि जूनमध्ये मी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात बदली मागून घेतली. निघताना टाकीकडे जाऊन यावं असं मनात होतं. एसटीची वेळ झाली होती. एसटी नंतर तासाने सुटली.

आणि पुढच्या वर्षी ते पत्र.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. त्याच रात्री बसलो. पहिली अडचण मायन्याची. मामांनी 'आठल्ये सरांस' असं लिहिलं होतं. वयाने ते मला वडिलांच्या जागी, हुद्द्याने मी वर. 'श्री. गुरव यांस' कोरडं वाटे. 'ती.' लिहावं तर स्टाफरूममध्ये कुणी पाहिलं असतं तर, असा विचार येई. मायना सोडून मजकुराकडे वळलो. कपाट मी लावलं होतं, हे लिहायचं तर मी ते तसं का लावलं होतं हे सांगणं भाग होतं. ते सांगायचं तर हायड्रोजनला पहिल्या गणात का धरतात, कुणी कुणी हरकत घेतली, हे यायला हवं होतं. सातवा मसुदा अकरा पानांचा झाला. तोवर पंधरा जून होऊन गेला होता. जुलैत मामांची जागा दुसऱ्या कुणीतरी भरली, असं कानावर आलं.

ती अकरा पानं मी टाकून दिली नाहीत. वरचा-खालचा मजकूर काढून एका मासिकाकडे पाठवली. 'हायड्रोजनचे स्थान: एक पुनर्विचार' या नावाने ती छापून आली. त्यात मी असं सुचवलं होतं की हायड्रोजनला कोणत्याच गणात न बसवता तक्त्याच्या वर वेगळी जागा द्यावी. लेखाचं बऱ्यापैकी कौतुक झालं. पुण्याहून एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांना मी परतीच्या टपालाने उत्तर दिलं.

गेल्या महिन्यात जुन्या कॉलेजातून फोन आला. प्राध्यापक मेघा सूर्यवंशी. कॉलेजचा हीरकमहोत्सव आहे, स्मरणिका निघते आहे.

"सर, स्मरणिकेत एक विनोदी किश्श्यांचं सदर आहे. त्यात गुरवमामांचा किस्सा घेतोय. सोडियमवर पाणी ठेवणारे मामा! आमच्या सरांनी आम्हाला सांगितलेला, मी मुलांना सांगते. तुम्ही तर प्रत्यक्ष पाहिलंय ना? दोन ओळी लिहून द्याल?"

"दोन ओळी," मी म्हणालो.

"हो, दोनच. कार्यक्रमातही वाचून दाखवणार आहोत. मामांसमोरच."

"मामा आहेत?"

"आहेत म्हणजे काय! त्र्याण्णव वर्षांचे आहेत. पहिल्या दिवसापासूनचे कर्मचारी म्हणून सत्कार आहे त्यांचा. ऐकू कमी येतं, पण सगळे हसले की तेही हसतात."

मी म्हणालो, लिहून देतो.

आंतर्देशीय पत्र माझ्याजवळ होतं. कुठे आहे हे मला नेहमी माहीत असे. पंचेचाळीस वर्षांत चार घरं बदलली, प्रत्येक घरात त्याची जागा ठरलेली होती. घड्यांवर फाटत आलं होतं. खाली तो ताजा कलम: 'ता. क. हायड्रोजनला मग कुठं बसवलंत?'

इतकी वर्षं मी तो टोमणा समजत होतो. आणि खरं सांगायचं तर त्या ओळीमुळे उत्तर न देणं सोपं झालं होतं. टोमण्याला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. या खेपेला चष्मा पुसून वाचलं. अक्षर एकसारखं, शांत होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं.

मी दोन ओळी लिहिल्या आणि मेघाबाईंना पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, हे तुमच्या नावानिशी छापायचं?"

"नावानिशी."

"पण मग हा किस्सा विनोदी राहत नाही."

"नाही."

"मग त्या सदरात बसणार नाही. कुठं घालू?"

"वेगळं पान द्या," मी म्हणालो.

"आणि कार्यक्रमात?"

"कार्यक्रमातही वाचा. मोठ्याने वाचा. त्यांना ऐकू कमी येतं म्हणालात."

त्या 'बरं' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, मामांना आधी तुमच्याकडून कळलेलं बरं नाही का?" मी पत्ता विचारला. गाव तेच होतं. फक्त पिनकोड मला माहीत नव्हता. "मोठ्या अक्षरात लिहा," त्या म्हणाल्या, "नात वाचून दाखवते, पण अक्षर ते स्वतः बघतात."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. मायन्याला या वेळी अडलं नाही.

'ती. हणमंतमामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं मे १९७९चं पत्र मिळालं. कपाट मी लावलं होतं. पाणी वर मी ठेवलं, तुम्ही नको म्हणाला होतात. नळीला कोपरही माझंच लागलं. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी हे बोललो नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही.

हायड्रोजनला वेगळा पाट दिला आहे. ती सूचना तुमची. मी ती माझ्या नावावर छापली. सोबत तो लेख जोडला आहे, वर तुमचं नाव लिहून.

आपला,
श्रीधर आठल्ये'

पोस्ट आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मला अकरा लागली. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजन करून तिकिटं दिली आणि विचारलं, "रजिस्टर करायचंय का आजोबा? पोचपावती येईल."

मी थोडा विचार केला. पोचपावती आली नाही तर मी काय काय समजेन, ते मला माहीत होतं. "साधंच जाऊ द्या," मी म्हणालो.

बाहेर लाल पेटी होती. पाकीट आत सोडलं. मग आत हात घालून ते परत काढता येतं का पाहिलं. येत नाही.